अख्खा मासा

“समुद्र काही ठेवून घेत नाही, म्हणून मला तो आवडत नाही,” ऑलिव्ह क्रॉशॉ एकदा म्हणाली होती.

तेव्हा ती तिच्या मागच्या अंगणात पायपुसणं झटकत होती आणि मी भिंतीच्या अलीकडे माझं. तिची वाळू माझ्याकडे उडत होती, माझी तिच्याकडे. आदल्या भरतीने किनाऱ्यावर एक मेलेली मेंढी आणून टाकली होती, आणि आमचे पाहुणे अंडी अर्धवट सोडून ती बघायला धावले होते. ओहोटीला गेली, भरतीला परत आली; तीन वेळा. गावाची सगळी घाण एका नळातून समुद्रात जायची, तीही तशीच परत यायची. तिथेच पोरं बादल्या घेऊन किल्ले बांधत, आणि आया त्यांच्या तोंडातली वाळू पदरासारख्या टॉवेलच्या टोकाने पुसत.

ऑलिव्हचं लॉज आमच्या गल्लीत माझ्या लॉजला लागूनच. उंच, हडकुळी बाई. सोड्याने लाल झालेले हात. नाकपुडी कायम जराशी वर, कुठून तरी वास येत असल्यासारखी. वास येतच असे, म्हणा. उन्हाळाभर आमच्या गावाला तळलेल्या चरबीचा, व्हिनेगरचा, गाढवांचा आणि ओल्या लोकरीचा वास असतो. लँकेशरच्या एकेका गिरणगावाचा सुट्टीचा आठवडा ठरलेला; गिरणी बंद झाली की अख्खं गाव आमच्याकडे येऊन आदळतं. तिकडे शेजारी राहणारी माणसं इथेही शेजारच्याच खुर्च्या लावून बसतात, एकमेकांकडे बघून कंटाळतात आणि पुढच्या वर्षी त्याच खोल्या मागतात.

तिचा नवरा, क्रॉशॉ, लवकर गेला. ट्राम चालवायचा. मूलबाळ नाही. त्यानंतर तिने आयुष्यभर लोकांची तोंडं पाहिली, चावणारी. ताटं मांडून झाली की ती दारापाशी उभी राहायची आणि समोरच्या भिंतीवरच्या हरणाच्या चित्राकडे डोळे लावायची. “नोरा,” ती मला म्हणायची, “माणूस झोपलेला चालतो, रडलेला चालतो, पण खाताना त्याच्याकडे बघू नये.” चादरी बदलताना तिला सगळं कळायचं: कोण कुणाकडे पाठ करून झोपलं, कुणी लपून बिस्किटं खाल्ली, कुणाचं पोट बिघडलंय. बेसिनमधले केस ती कागदाने उचलायची. काचेच्या पेल्यातली दातांची कवळी तिने एकदा खिडकीतून बाहेर टाकली, आणि मग स्वतःच अंगणात जाऊन शोधून, धुऊन परत ठेवली.

धंदा मात्र ती आमच्यासारखाच करायची. सकाळी दहाला पाहुणे बाहेर. पाऊस असो, गारा असोत, कुणी खोकत असो. दुपारच्या जेवणाची घंटा झाली की आत, जेवले की पुन्हा बाहेर. घर आवरायचं कधी मग? आणि रविवारी भाजलेलं मटण, सोमवारी तेच थंड, मंगळवारी बटाट्यात कुस्करून, बुधवारी वर मैद्याच्या पारीचं झाकण घालून भट्टीत. एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याखालचं कुणी बोलत नाही. मोरीपाशी दोन भांडी असतात. ताटांतलं उष्टं निवडून एकात टाकायचं, ते डुकरांची गाडी नेते. दुसऱ्यात टाकायचं ते बुधवारच्या पारीखाली जातं. लढाईच्या दिवसांत ही सवय देशसेवा म्हणून खपली. मग मांसाचं रेशन उठलं, सवय राहिली. आमच्या गल्लीत दुसरं भांडं नसलेलं एकही स्वयंपाकघर नव्हतं, आणि त्याचं नाव घेणारी एकही बाई नव्हती.

विल्फ्रेड टास्कर तिला लॉजवाल्यांच्या संघटनेच्या जेवणात भेटला. पलीकडच्या, पूर्वेच्या किनाऱ्यावर ऑर्मथॉर्प नावाचं गाव आहे, तिथे त्याचं लॉज. गुबगुबीत, स्वच्छ दाढी केलेला, नखं कापलेली. बायको दोन हिवाळ्यांपूर्वी वारली होती. एप्रिलमध्ये, मोसम सुरू व्हायच्या आधी, तो चार दिवस ऑलिव्हकडे उतरला.

त्यातल्या एका सकाळी मी दूध घ्यायला दार उघडलं तर ऑलिव्ह गल्लीतून येत होती. डोक्याला रुमाल, हातात ओला कागद.

“कुठून गं?”

“धक्क्यावरून. बोटी आल्यात.” तिने कागद उघडून दाखवला. चपटा मासा, पाठीवर नारिंगी ठिपके, कल्ले अजून लाल. “बघ. एकच घेतला. अख्खा आहे.”

“एकच? मग तू काय खाणार?”

“मी बघेन,” ती म्हणाली, आणि लाजली. तिला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. चेहऱ्याला ते जमत नव्हतं. मानेवर नुसते लाल डाग उठले. तो मासा तिने लोण्यात तळला. रेशन असताना लागलेली साठवायची सवय त्या दिवशी तिने बाजूला ठेवली. लोणी होतं तेवढं घातलं. वास भिंतीपलीकडून माझ्यापर्यंत आला, आणि आमच्या गल्लीत पहिल्यांदाच एखादा वास मला बरा वाटला.

जाताना स्टेशनवर विल्फ्रेडने तिला लग्नाचं विचारलं. म्हणाला, “ऑक्टोबरात या. माझं घर बघा, गाव बघा. मग सांगा.” उन्हाळाभर तो तिला कार्डं पाठवत राहिला. आमच्याकडे मिळतात तसलीच: लाल गालांच्या लठ्ठ बायका आणि त्यांच्या काखेत सापडलेले काडीएवढे नवरे. ऑलिव्ह ती चित्रं भिंतीकडे करून घड्याळामागे ठेवायची. पण ठेवायची.

मोसम संपला की आमच्यातल्या पुष्कळ जणी दुसऱ्या किनाऱ्यावर जातात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी लॉजात आठवडाभर पाहुण्या होतात. दुसरं काही करायचं आम्हाला सुचतच नाही. त्या ऑक्टोबरात ऑलिव्ह निघाली आणि मला सोबत घेऊन गेली. लोकांनी बोलू नये म्हणून. बोलले तरी काय, दोघी मिळून शंभरीच्या पुढच्या.

ऑर्मथॉर्पमध्ये आम्ही उतरलो तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि तो शेवटपर्यंत राहिला. विल्फ्रेडचं घर नीटनेटकं होतं. दारात पायांची वाळू धुवायला पाण्याची बादली, जिन्यावर पितळी सळया, न्हाणीची किल्ली खिळ्याला. मोसमाअखेरची किनाऱ्यावरच्या दिव्यांची रोषणाई बघायला आलेले थोडे पाहुणे अजून होते. आमच्या टेबलावर मिस्टर बूथरॉइड नावाचा एक निवृत्त कोळसावाला आणि त्याची मुकी बसणारी बायको. बूथरॉइडच्या वरच्या कवळीचा आवाज यायचा, घोड्याच्या टापांसारखा.

रविवारी भाजलेलं मटण होतं. ऑलिव्हच्या ताटात आलेल्या तुकड्याच्या चरबीवर खाटिकखान्याच्या तपासणीचा जांभळा शिक्का होता. तिने तो सुरीने नेमका त्रिकोणी कापून काढला, काट्याने मला दाखवला आणि बटाट्याच्या सालीखाली सरकवला.

“खाटकाकडे लक्ष द्यायला हवं यांनी,” ती हळूच म्हणाली.

“आतापासूनच?” मी म्हटलं.

“गप गं.”

सोमवारी दहाला विल्फ्रेडने घंटा वाजवली. जिन्यात येऊन अदबीने उभा राहिला. “मिसेस क्रॉशॉ, तुम्हाला सांगायला नको. तुम्हाला एकट्यांना बसू दिलं तर बूथरॉइड मंडळी उद्या पलंगावर चहा मागतील.”

“बरोबर आहे तुमचं,” ऑलिव्ह म्हणाली. तिला खरंच बरोबर वाटलं होतं. मी तिचा चेहरा ओळखते. नियम पाळणारा पुरुष तिने फारसा पाहिला नव्हता.

आणि दार आमच्यामागे बंद झालं.

ते दार आतून बंद करण्यात आमचं आयुष्य गेलं होतं. बाहेरून त्याचा आवाज वेगळा येतो. आम्ही रस्त्यावर उभ्या राहिलो, छत्र्या उघडल्या, आणि गल्लीतल्या सगळ्या दारांतून माणसं तशीच बाहेर पडत होती, ओल्या रेनकोटांत, हातात काही नाही, जायचं कुठे नाही. सगळी उतारावरून समुद्राकडे निघाली. मोरीतलं पाणी जिकडे वाट मिळेल तिकडे जातं, तसे आम्हीही त्यांच्यात मिसळलो.

किनाऱ्याच्या रस्त्यावर काचेची छपरं आहेत. त्यांत बाकांवर रांगेने माणसं बसली होती, समुद्राकडे तोंड करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बटाट्याच्या तळलेल्या कापट्या खात. काचांवर त्यांच्या श्वासाचं आणि चरबीचं धुकं. समुद्र दिसतच नव्हता, तरी ती त्याच्याकडेच बघत होती. एका बाईच्या मांडीवरचं पोर ओकलं. तिने रुमालाने पुसलं आणि त्याच्या तोंडात पुन्हा कापटी दिली.

“आपले लोक,” ऑलिव्ह म्हणाली.

“म्हणजे?”

“आपण बाहेर काढतो ते. ते कुठे जातात, याचा मी कधी विचार केला नव्हता.”

धक्क्यावर गेलो. पैसे टाकायच्या यंत्रांत एक काचेचा तुरुंग होता. नाणं टाकलं की दार उघडायचं, इवल्याशा माणसाच्या पायाखालची फळी पडायची, पाद्री हात हलवायचा. दोन पोरी फिदीफिदी हसत त्याला पुन्हा पुन्हा फाशी देत होत्या. पुढे शंखातलं मांस विकणारा. वाडग्यात ते करडे, रबरी गोळे व्हिनेगरमध्ये पोहत होते, आणि एक म्हातारा टाचणीने एकेक काढून न चावता गिळत होता. मेणाच्या पुतळ्यांच्या खोलीत छत गळत होतं. एका राणीच्या नाकाचं टोक झिजलं होतं, बहुतेक बोटं लावून लावून. खाली वाळूवर तीन गाढवं पावसात उभी होती, डोक्यावर बायकांच्या गवती टोप्या, शेपटाशी शेणाचा लोळ. गुलाबी साखरेच्या कांड्या सगळे चोखत होते. चोखून चोखून टोकदार झालेली कांडी खिशात ठेवायची, लोकरीचे धागे चिकटले की बाहेर काढायची, पुन्हा चोखायची.

ऑलिव्हने दिवसभर काही खाल्लं नाही. हातमोजेही काढले नाहीत.

मंगळवारी दुपारी विल्फ्रेड स्वतः आमच्याबरोबर आला. चांगला कोट, कॉलरला फूल. गावातला प्रत्येक जण त्याला ओळखायचा.

“काय मिस्टर टास्कर, दोन-दोन?” गाढववाला ओरडला.

“एक माझी, एक तुझ्यासाठी आणलीय,” विल्फ्रेड म्हणाला. मी छत्रीने त्याला ढोसलं. ऑलिव्ह चक्क हसली.

फोटोवाल्यापाशी तो थांबला. लाकडी फळीवर पोहायच्या कपड्यातली अवाढव्य बाई रंगवलेली, तिच्या काखेत काडीएवढा नवरा. तोंडांच्या जागी दोन भोकं. उन्हाळाभर घड्याळामागे ठेवलेलं चित्रच जणू मोठं होऊन उभं राहिलं होतं.

“चला मिसेस क्रॉशॉ. एक आठवण.”

ऑलिव्ह भोकापर्यंत गेली आणि थबकली. भोकाची कड काळी, तुकतुकीत झाली होती. हजारो हनुवट्यांचा घाम, पावडर, चरबी. मला वाटलं, आता ही माघारी फिरणार. विल्फ्रेडने तिच्याकडे पाहिलं. खिशातून घडीचा पांढरा रुमाल काढला, फोटोवाल्याच्या किटलीतल्या गरम पाण्यात भिजवला आणि ती कड पुसली, गोल, नीट, दोनदा. रुमाल काळा झाला. तो त्याने केराच्या डब्यात टाकला.

तिने भोकात तोंड घातलं. त्या गुलाबी, भल्यामोठ्या अंगावर तिचं ते हडकुळं, नाकपुडी वर केलेलं तोंड. गाढववालाही हसून वाकला. आणि ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

नंतर विल्फ्रेड चहाची तयारी करायला घरी गेला. घंटेला अजून वेळ होता, म्हणून आम्ही काचेच्या छपरात बसलो. ती बराच वेळ हातमोज्यांची बोटं सारखी करत होती.

“मी हो म्हणणार आहे,” ती म्हणाली. “उद्या, जेवण झालं की. माझं घर विकेन आणि इकडे येईन.”

“एका रुमालावर?”

“त्याच्या लक्षात आलं, नोरा. मला कशाची किळस येते, ते त्याच्या लक्षात आलं. क्रॉशॉच्या कधी आलं नाही. तो न्हाणीतून तसाच यायचा, माझ्या टॉवेलला पाय पुसायचा.” मग म्हणाली, “आणि एप्रिलमध्ये त्याने तो मासा कसा खाल्ला माहितीय? हळू. काटे एका बाजूला ओळीने लावून. मी भिंतीकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत बसले.”

“आणि तू त्या दिवशी काय खाल्लंस?”

“पाव.”

मला तिचा हेवा वाटला. परतताना उतारावर तिने माझा हात धरला, कधी धरायची नाही.

बुधवारी ती न्हाणीची किल्ली घेऊन सकाळीच न्हाली. निळा झगा घातला, क्रॉशॉने दिलेली छातीवरची पिन न लावता. दहाला आम्ही बाहेर पडलो, भिजलो, घंटेला परत आलो. जेवणाच्या खोलीत ओल्या कपड्यांची वाफ होती. बूथरॉइड आधीच रुमाल गळ्यात खोचून बसला होता.

“वास तर झकास येतोय,” तो म्हणाला. “बुधवार म्हणजे पारीचा दिवस. काय मिसेस क्रॉशॉ, तुमच्याकडेही बुधवारीच ना?”

“आमच्याकडेही,” ऑलिव्ह म्हणाली.

विल्फ्रेड तापलेलं मोठं भांडं दोन्ही हातांनी धरून आला. मैद्याची पारी खरपूस झाली होती, मधल्या चिरेतून रस्सा फुटून वर वाळला होता. त्याने पहिलं ताट ऑलिव्हला वाढलं, सगळ्यांहून मोठं, कडेच्या कुरकुरीत भागाचं. तिने त्याच्याकडे वर पाहिलं. मानेवर ते लाल डाग उठले होते. मग तिने काट्याने पारी उचलली.

वाफ गेली. तपकिरी रश्श्यात गाजरं, मटणाचे तुकडे, आणि मध्ये तो. त्रिकोणी. चरबी शिजून पारदर्शक झाली होती, पण शिक्क्याची जांभळी शाई तशीच होती. शाईच्या कडेने तिच्याच सुरीचा सरळ काप.

मला दिसला. तिला तर दिसलाच. तिचा काटा हवेत राहिला.

आणि विल्फ्रेडलाही दिसलं, तिला काय दिसलं ते. मला वाटलं, हा आता पांढराफटक पडेल, ताट उचलेल, काहीतरी सबब सांगेल. पण त्याचा चेहरा उजळला. तो तिच्या खुर्चीमागून वाकला, वाढण्याचं निमित्त करून, आणि कुजबुजला. मी शेजारी होते. मला सगळं ऐकू आलं.

“ओळखलंस ना?” पहिल्यांदाच तो तिला अगं-तुगं करत होता. “मुद्दाम नाही हं वाढला, आला आपसूक. पण बरं झालं. या खोलीत तुझ्याशिवाय कुणी ओळखलं असतं? माझी बायको, बिचारी, शेवटपर्यंत मोरीपाशच्या त्या भांड्याकडे पाठ करून रडायची. मला रडणारी नको. तू माझ्या जातीची आहेस, ऑलिव्ह. एप्रिलमध्येच कळलं मला.”

तिने मान जराशी वळवली.

“तो मासा गं,” तो म्हणाला, अगदी मायेने. “लोण्यातला. पहिल्याच घासाला ओळखलं मी, हा कुणाच्या तरी ताटातून परत आलेला. कुणी आजारी पाहुणा असणार. पण काय सजवला होतास! अख्खा वाटत होता. मी काटे बाजूला करत करत शोधत होतो, जोड कुठे दिसतोय का. नाही सापडला. तेव्हाच म्हटलं, हीच.”

समोर बूथरॉइडची कवळी टापा टाकत होती. त्याची बायको रश्श्यात पाव बुडवत होती. भिंतीवर इथेही चित्र होतं, जहाजाचं; ऑलिव्ह त्याच्याकडे बघत नव्हती. ती विल्फ्रेडच्या तोंडाकडे बघत होती. ओठांच्या कोपऱ्यात त्याला रस्सा लागला होता. वाढण्याआधी त्याने चव घेऊन पाहिली असणार.

“मिसेस क्रॉशॉ,” बूथरॉइड म्हणाला, “खाणार नसाल तर इकडे सरकवा हो. वाया नको जायला.”

तिने ताट सरकवलं. त्याने पहिल्यांदा तोच जांभळा तुकडा काट्यावर घेतला, “आहा,” म्हणाला आणि तोंडात टाकला.

माझ्या तोंडात घास होता. थुंकायला जागा नव्हती. मी तो गिळला.

ऑलिव्हने रुमालाची घडी केली, ताट होतं त्या जागी ठेवली. उठली. विल्फ्रेड बाजूला झाला, तिला दुसरं काही हवं असेल असं वाटून. भांड्यातला पळा अजून त्याच्या हातात होता आणि त्यातून थेंब गालिच्यावर पडत होते. खुंटीवरून तिने टोपी घेतली, आरशात न बघता डोक्यावर ठेवली, छत्री घेतली नाही, बॅग वरच्या खोलीत होती ती आणायलाही गेली नाही. मी “ऑलिव्ह” म्हटलं. तिने वळून पाहिलं नाही. बाहेरचं दार उघडलं. सगळ्या गल्ल्यांतली माणसं त्या वेळी आत बसून खात होती, उतारावर एक कुत्रंही नव्हतं, आणि ती पावसात उतरून स्टेशनच्या बाजूला चालू लागली.